राणी गोजराबाईसाहेबांस कळा आणविल्याची हकीकत

श्रीगजानन, श्रीकुलस्वामिनी, आणि ज्या माऊलीने या लिहिणारास नऊ महिने पोटी वागविले ती, या तिघांस वंदन करोन लिहितो. शके सोळाशे त्र्याहत्तर, प्रजापतिनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी नदीकाठच्या एका राज्यात जे वर्तमान घडले ते, पाहिले तेवढे पाहिल्याप्रमाणे लिहितो, आणि न पाहिलेले पाहणारांस पुसोन लिहितो, आणि जे कोणीच पाहिले नाही ते लिहीत नाही. दुसरे बखरकार तेच आधी लिहितात, ही त्यांची खोड. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. राज्य लहान, गड नाही, हत्ती नाही, परंतु वाड्यास तट होता, पागेत चाळीस घोडे होते, आणि नदीवर एक नाव होती. राजे भानजीराव, उमर सव्वीस, तलवारीस हात चांगला, बोलावयास संकोची. त्यांच्या मातुश्री, ज्यांस सारे थोरल्या मातुश्री म्हणत, त्या मोठ्या जाणत्या आणि तितक्याच हट्टी. आणि राणी गोजराबाईसाहेब, डोंगराकडील देशमुखांची लेक, माहेरी म्हशींच्या धारा काढिलेल्या, चिखलात उभे राहोन भात लाविलेले, घोड्यास आपल्या हाते खरारा केलेला, ऐशी बाई लग्न होऊन वाड्यात आली आणि तिचे दोन्ही हात रिकामे जाहले. पाणी प्यावे म्हटले तर तीन दासी धावत, वेणी घालावी तर चौथी फणी घेऊन उभी, आणि चुलीकडे पाऊल टाकिले की आचारी हात जोडोन म्हणे, बाईसाहेब, आमचे काय चुकले? ऐसी तीन वर्षे गेली. मग देवाने कृपा केली, दिवस राहिले, तेव्हा राणीसाहेब राजांस म्हणाल्या, "या वाड्यात हे एक काम असं आहे, जे माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला करता यायचं नाही. हे मी करीन." राजे म्हणाले, "बरं." राजे बहुत करोन बरे एवढेच म्हणत.

रीत पाहता पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, परंतु घाटाची वाट आठव्या महिन्यात सोसवणारी नव्हती, म्हणोन सासरीच करावे ऐसे ठरले. आणि मग नऊ मास पुरे जाहले, वर आठ दिवस गेले, आणि कळांचा पत्ता नाही. संवत्सराचे नाव प्रजापति, आणि राज्यातली एवढी एकच प्रजा येईना, यावर बाजारात विनोद होऊ लागले. मग नदीपलीकडील वैद्यीणबाई रेणूबाई यांस नाव पाठवोन आणविले. या बाई पन्नाशीच्या, अंगाने बारीक, बोलणे मोजके, आणि दोन पिढ्यांची बाळंतपणे त्यांच्या हातून जाहलेली. त्यांनी पोट चाचपले, लाकडी नळा पोटास लावोन दुसरे टोक कानास लाविले आणि लेकराचे ठोके ऐकिले, आणि म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. पण फार लांबवणं लेकराला बरं नाही. दशमीला सकाळी मी येते. तोवर कळा आपण होऊन आल्या तर उत्तम. नाही आल्या तर मी औषध देऊन आणवीन." त्या औषधाची रीत ऐशी, की काचेची कुपी उंच खुंटीस टांगावी, तीस नळी, नळीस सुई, सुई हाताच्या शिरेत, आणि औषध थेंब थेंब अंगात जावे, म्हणजे कळा सुरू होतात. ही विद्या बाईंनी टोपीकरांच्या गलबतावरील वैद्याकडे शिकोन घेतली म्हणतात. हे मी पाहिले नाही, परंतु कुपी पाहिली आहे.

हे ऐकोन राणीसाहेबांचे मुख उतरले. थोरल्या मातुश्री समजल्या की सूनबाई सुईस भ्याल्या, आणि समजावू लागल्या. त्यास राणीसाहेब म्हणाल्या, "सासूबाई, सुईचं काय, बाभळीचे काटे टाचेतनं काढलेत मी. पण हेसुद्धा दुसऱ्यानंच करायचं म्हणजे मग मी काय केलं?" आणि डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही, दासीने पुसले, आणि त्यामुळे अधिक आले. रेणूबाई म्हणाल्या, "पाच दिवस आहेत, बाईसाहेब. चाला, फिरा, खजूर खा, हलकी कामं करा, झोप घ्या. एरंडेल मात्र कुणी पाजायचं नाही, ते पाजलं तर मला कळेल. आणि लेकराची हालचाल कमी वाटली तर वार-तिथी न बघता मला बोलवायचं." मग राजांकडे वळोन म्हणाल्या, "नवरा-बायकोनं जवळ असावं, त्यानंही कधी गुण येतो." यावर राजांचे कान तांबडे जाहले, आणि पुढील गोष्ट बखरकाराने पाहिली नाही व पुसलीही नाही.

मग पंचमीपासून उपाय मांडिले. प्रथम चालणे. राणीसाहेब तटावरून चालू लागल्या, आणि रीतीप्रमाणे मागे राजे, राजांमागे छत्रवाला, त्यामागे दासी, त्यामागे चाळीस स्वार पायउतारा होऊन, आणि सर्वांमागे नारोपंत कारभारी. हे नारोपंत राज्याचा सारा कारभार पाहत, आणि आज्ञा एक हात जाहली तर दोन हात करीत. त्यांस वाटे की थोडे अधिक केले म्हणजे सेवा. आम्हांस वाटे की थोडे कमी केले तर उपकार. असो. तटास पाच फेरे जाहले, सहाव्यास छत्रवाला बसला, आठव्यास स्वार मोडले, आणि राणीसाहेब तशाच ताठ, कळ एक नाही. म्हणाल्या, "भूक लागली." मग खजूर आणविला, तीळ-गूळ आणविला, आणि ज्या पपईकडे आठ महिने कोणी पाहू दिले नव्हते तीही आणविली. राणीसाहेबांनी सर्व आवडीने खाल्ले आणि गाढ निजल्या.

षष्ठीस जाते. दळले की कंबर मोकळी होते असे थोरल्या मातुश्री म्हणाल्या, आणि आपणच जाते घासोन दिले, कारण मुदपाकखान्यातील बायकांस राणीने दळावे हे रुचले नाही. मग राणीसाहेब जात्यास बसल्या, खुंटा धरिला, आणि तीन वर्षांत प्रथमच त्यांच्या हातास पीठ लागले. दोन पायली बाजरी दळली. मातुश्री म्हणाल्या, "पुरे, सूनबाई," तरी थांबेनात. मग दोघी एका खुंट्यास हात लावोन दळू लागल्या, आणि मातुश्रींनी आपल्या वेळची गोष्ट सांगितली, की राजे जन्मले तेव्हा दाराआड बसोन पुरुषांनी शिकारीच्या गप्पा मारिल्या, आणि नंतर म्हणाले, आम्हांस पुत्र जाहला. ही गोष्ट त्यांनी यापूर्वी कोणास सांगितली नव्हती. कळा आल्या नाहीत, परंतु दळण इतके जाहले की साऱ्या वाड्याने दोन दिवस बाजरीची भाकरी खाल्ली, आणि कोणाची नको म्हणावयाची छाती जाहली नाही.

सप्तमीस कोणी म्हणाले की बैलगाडीत बसोन खाचखळग्यांच्या वाटेने हळू फिरवावे, हादरे बसले की लेकरू खाली उतरते. यास बाजारापासोन देवळापर्यंतची वाट उत्तम, कारण तेथे तीस वर्षे खड्डे होते, आणि वाटसरू त्या खड्ड्यांस नावांनी ओळखत. राजांनी कारभारी यांस एवढेच सांगितले, की उद्या राणीसाहेबांची स्वारी त्या वाटेने जाणार. नारोपंतांनी ऐकिले, हात जोडिले, आणि दोनशे माणूस लावोन सारे खड्डे बुजविले, वर मुरूम घातला, मुरुमावर गवत पसरिले, आणि गवतावर पाणी शिंपिले. दुसरे दिवशी अष्टमीस राणीसाहेब गाडीत बसल्या तर गाडी लोण्यावरून जावी तैशी गेली. परत येताना राणीसाहेबांस गाडीत झोप लागली. राजांनी कारभारी यांस पुसले, "पंत, तीस वर्षं हे का नाही केलंत?" पंत म्हणाले, "आज्ञा नव्हती." रयतेस मात्र मोठा आनंद जाहला, आणि लोक म्हणो लागले, राणीसाहेबांस दर वर्षी दिवस राहोत.

मग नवमी उजाडली, एक दिवस उरला. थोरल्या मातुश्रींस जुनी रीत आठवली, की घरात बाळंतीण अडली असता घरातल्या गाठी सोडाव्या, कुलपे उघडावी, बायकांनी केस मोकळे करावे, म्हणजे बाळंतिणीची वाट मोकळी होते. ही रीत सर्व घरांत आहे आणि एका खोलीपुरती केली तर तिच्यात वाईट काही नाही. मातुश्री म्हणाल्या, "पंत, गाठी सोडायला सांगा." वाड्यातल्या, असे म्हणावयाचे राहिले. एवढा शब्द राहिला आणि नारोपंतांस सारे राज्य मोकळे सापडले. त्यांनी स्वारांहाती डांगोरा पिटविला, की सूर्यास्तापूर्वी राज्यात एकही गाठ राहो नये. मग काय पुसता. निशाणाचा दोर सुटोन निशाण खाली आले. पागेतले चाळीस घोडे सुटोन उसात शिरले. बाजारात गुळाच्या ढेपा, मिरच्यांची पोती आणि कासाराच्या बांगड्यांची माळ सर्व एके ठायी जाहले. एक नवरा-नवरी लग्न लागोन गावी चालले होते, त्यांच्या शेल्याची गाठ शिपायाने सोडिली, तेव्हा नवरी म्हणाली, "आत्ता तर बांधली होती." सदरेवर कागदांचे रुमाल सुटले आणि वारा आला, त्यात या लिहिणाराची दोन वर्षांची टिपणे तटापलीकडे गेली. त्याचे दुःख येथे लिहीत नाही, परंतु विसरलोही नाही. इतके करोन राणीसाहेबांस कळ आली नाही. त्या केस मोकळे सोडोन खिडकीशी बसल्या आणि सुटलेले घोडे पाहोन हसल्या, आणि मग हसणे थांबले. राजे जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "उद्या दशमी."

दशमीस सकाळी राणीसाहेब उठल्या आणि पोटावर हात ठेवोन बहुत वेळ बसल्या. मग थोरल्या मातुश्रींस बोलावोन हळू म्हणाल्या, "सासूबाई, पहाटेपासनं हालचाल कमी वाटते." मातुश्रींनी हात ठेविला, वाट पाहिली, आणि त्यांच्या हातास हालचाल लागली नाही. तो क्षण ज्यांनी पाहिला ते सांगतात की पाच दिवस ज्या सुईस सारा वाडा टाळीत होता, तीच सुई आता घटकेच्या आत यावी असे प्रत्येकास वाटले. मातुश्री म्हणाल्या, "रेणूबाई कुठंवर आल्या?" आणि राजे स्वतः अनवाणी नदीकडे धावले. पाहतात तो पलीकडल्या काठी रेणूबाई पेटी घेऊन उभ्या, अलीकडे सिदू नावाडी मान खाली घालोन उभा, आणि मध्ये नदी, आणि नदीवर नाव नाही. राजांनी पुसले, "सिदू, नाव कुठं आहे?" सिदू म्हणाला, "म्हाराज, काल सांच्याला शिपाई आला. म्हनला, गाठ सोड. म्या म्हनलं, बाबा, ही नाव हाय, खुट्याला बांदल्याली बरी. त्यो म्हनला, हुकूम हाय. सोडली. नाव पान्याची, ती गेली. आता तिकडं खालच्या डव्हात आसंल, सांजपत्तुर मिळंल." नारोपंत मागे येऊन उभे होते, त्यांचे मुख पांढरे पडले, आणि या वेळी त्यांनी प्रथमच अधिक काही केले नाही.

मग सिदू म्हणाला, "सांगड करता यील. घरात सुकं भोपळं हायती. धा-बारा बांदलं की माणूस येतंय. पर," आणि थांबला. राजे म्हणाले, "पर काय?" सिदू म्हणाला, "भोपळं बांदायचं म्हंजी गाठी माराव्या लागत्यात. बाईसाहेब आडल्यात, अन् गाठ मारली तर पाप कुनाला?" यावर काठावर जमलेली मंडळी एकमेकांकडे पाहो लागली. कोणी म्हणे मारावी, कोणी म्हणे मातुश्रींस पुसावे. तोच थोरल्या मातुश्री केस मोकळे तशाच काठावर येऊन पोहोचल्या. वाड्याबाहेर त्या पायी सोळा वर्षांत आल्या नव्हत्या. त्यांस कोणी काही सांगितले नाही, त्यांनी भोपळे पाहिले, सुटे दोर पाहिले, आणि सर्व समजल्या. म्हणाल्या, "गाठी सोडा म्हणून मी सांगितलं. आता बांधा म्हणूनही मीच सांगते. पाप लागायचं तर मला लागू दे." आणि वाळूत बसोन पहिला भोपळा पायांत धरोन आपल्या हाते दोर आवळला. राजांनी दुसरा बांधला, तो सिदूने सोडोन पुन्हा बांधला, कारण राजांची गाठ पाण्यात टिकणारी नव्हती. मग नारोपंतांनी आपला शेला फाडोन दिला. बारा भोपळ्यांची सांगड जाहली, सिदू पाण्यात उतरला, आणि थोड्याच वेळात राज्याच्या वैद्यीणबाई पेटी डोईवर धरोन, गुडघ्यांपर्यंत भिजोन, भोपळ्यांवर बसोन नदी उतरोन आल्या. काठास लागताच म्हणाल्या, "किती वेळ झाला?" आणि उत्तर ऐकत ऐकत वाड्याकडे चालू लागल्या.

खोलीत बखरकारास जाणे नाही, पुढील सर्व मातुश्रींच्या मुखे लिहितो. रेणूबाईंनी हात पुसले, तळहात चोळोन ऊन केले, लाकडी नळा पोटास लाविला आणि कान दिला. खोलीत सात बायका, सर्वांची नजर नळ्यावर. रेणूबाईंनी नळा उचलोन दुसरीकडे लाविला, पुन्हा ऐकिले, आणि म्हणाल्या, "ठोके चांगले आहेत. निजलं असेल. पण आता थांबायचं नाही." राणीसाहेबांनी डोळे मिटोन मान हलविली. मातुश्री रडल्या, असे त्यांनी आपणच सांगितले. मग कुपी खुंटीस टांगिली, सुई शिरेत गेली, आणि औषध उतरो लागले. राणीसाहेब त्या थेंबांकडे पाहत होत्या, आणि म्हणाल्या, "बाई, हरले मी." रेणूबाई म्हणाल्या, "अजून काही सुरू तरी झालंय का?" आणि पेटीतून सुपारी काढोन कातरत बसल्या.

मग पहिला प्रहर गेला आणि कळा आल्या. आधी लहान, मग मोठ्या, मग ऐशा की राणीसाहेबांनी पलंगाची लाकडी पट्टी धरली ती उखडली. दुसरा प्रहर गेला. दासी वारा घालो लागल्या तर म्हणाल्या, नको. कोणी पाठ चोळू म्हटले तर म्हणाल्या, नको. मातुश्रींचा हात मात्र सोडिला नाही, आणि त्या हातावर पुढे आठ दिवस वळ होते, ते आम्ही पाहिले. एके समयी राणीसाहेब म्हणाल्या, "आता होत नाही माझ्यानं, तुम्हीच काढा." त्यास रेणूबाई म्हणाल्या, "माझ्या पेटीत तेवढं औषध नाही, बाईसाहेब. कळा मी आणल्या. पुढचं तुमचं." तेव्हा राणीसाहेबांनी रेणूबाईंकडे पाहिले. कसे पाहिले ते मातुश्रींस सांगता येईना, एवढेच म्हणाल्या की आपण थोड्या मागे सरकलो. आणि मग राणीसाहेब पलंगावरून उतरल्या, दोन्ही पाय जमिनीवर रोविले, माहेरी भातखाचरात वाकत तैशा वाकल्या, आणि जोर केला. एक वेळ केला, दोन वेळ केला, किती वेळ केला ते कोणी मोजिले नाही. सूर्य मावळावयास दोन घटका असता रडणे ऐकू आले, आणि ते इतके मोठे होते की बाहेर उभ्या राजांस दार उघडण्याआधीच समजले.

कन्यारत्न जाहले. थोरल्या मातुश्री दारात आल्या आणि म्हणाल्या, "साखर वाटा, आणि कुणी नुसती मुलगी म्हणायचं नाही." राज्यात हत्ती नव्हता म्हणोन बैलावरून साखर वाटिली. आणि मग जी रीत सर्व राज्यांत आहे तीच येथेही जाहली, प्रत्येकजण म्हणो लागला की गुण माझ्या उपायाचा. खजुरवाला म्हणाला खजूर, गाडीवान म्हणाला गाडी. सिदू नावाडी म्हणाला की लेकरू पान्यावाटं आलं. नारोपंत उशिरा, परंतु म्हणालेच, की गाठींचा गुण एक दिवस मागोन येतो.

बाराव्या दिवशी पाळण्यात घातले, आणि त्या समयी या लिहिणारास आत बोलावणे जाहले, की लिहिले असेल ते वाचोन दाखवावे. मी वाचिले, आणि मला माझ्या लिहिण्याचा अभिमान होता, तो अजूनही आहे. शेवटी ऐसे लिहिले होते, की मार्गशीर्ष शुद्ध दशमीस वैद्यीणबाई रेणूबाईसाहेब यांनी औषधाचे बळे राजकन्येस या जगात आणिले. राणीसाहेब कन्येस मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दासी पुढे येताच त्यांनी तिला हाताने मागे सारिले आणि लेकरास आपणच थोपटले. मग म्हणाल्या, "हे खोड." मी रेणूबाईंकडे पाहिले, वाटले की त्या रागावतील. त्या सुपारी चघळत होत्या. म्हणाल्या, "खोड की. मी तिथंच होते, मला माहीत आहे कुणी आणलं ते." मग मी कलम पुढे धरिली, आणि राणीसाहेबांनी ती घेऊन ओळ आपल्या हाते खोडिली व वर आपल्या अक्षरात लिहिले. अक्षर मोठे, ओळ तिरपी गेली, शाई सांडली, ती मी तशीच ठेविली आहे.

येणेप्रमाणे पाच दिवसांचे उपाय, एक सुई आणि दोन प्रहरांच्या कळा यांची हकीकत संपूर्ण जाहली. यात अधिक-उणे असेल ते माझे, शेवटची ओळ माझी नव्हे, ती राणीसाहेबांची आहे आणि ती ऐशी: दशमीस गोजराने आपली लेक आणली.